मधली जागा

ते टेबल मधलं होतं, एवढंच निमित्त झालं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात, क्रुआ-रूस टेकडीवरच्या त्या लहानशा खाणावळीत दुपारची गर्दी होती. वेटरने लांबूनच हात करून एकुलती एक रिकामी जागा दाखवली आणि मारीझ तावेर्नेल दारातच घुटमळली. टेबलात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. लाल चौकड्यांचं स्वच्छ फडकं, पावाची टोपली, पाण्याची सुरई. पण चारी बाजूंना माणसं होती, पाठीला भिंत नव्हती, आणि बरोबर डोक्यावर छताचा मधला भाग होता, जिथे एका आकड्याला जुना पितळी दिवा टांगला होता. त्या आकड्याभोवतीचा पिवळट डाग तिने दारातूनच टिपला. "आम्ही थांबतो," ती वेटरला म्हणाली, "ते कोपऱ्यातलं रिकामं होऊ दे." कोपऱ्यात दोन म्हातारे होते आणि ते नुकते कुठे चीजपर्यंत पोचले होते. त्यानंतर गोड, मग कॉफी, मग पैसे कुणी द्यायचे यावरून लटकं भांडण.

"आई," मागून क्लेमाँस म्हणाली. मारीझची ही एकुलती एक लेक. पाच महिन्यांच्या अपोलिनला तिने झोळीत पोटाशी बांधलं होतं. "मला भूक लागलीय. हिलाही आता लागेल. टेबल समोर आहे."

"पाचच मिनिटं थांब ना. तिथे वारा येतो."

"जूनमध्ये? मधलं आहे म्हणून, असं सरळ म्हण की."

आणि ती सरळ जाऊन मधल्या टेबलावर बसली. मारीझला मागोमाग जावंच लागलं, कारण लेकीला एकटीला बसवून दारात उभं राहण्याइतकी ती वेडी नव्हती, निदान लोकांसमोर तरी नव्हती. बसली तीही अर्धीच, खुर्चीच्या कडेवर, पाय दाराच्या दिशेने करून. सॉसेज आणि उकडलेले बटाटे आले. ती खात होती आणि मान वर न करता छत बघत होती. ही कला तिला चांगली साधली होती.

"सप्टेंबरमध्ये हिचा बाप्तिस्मा आहे, तूर्न्यूच्या चर्चमध्ये," क्लेमाँस म्हणाली. "हिला तू घेऊन जायचंस. दारापासून मधून सरळ, पार पुढे, पाद्रीबाबांपर्यंत. आणि सगळं होईपर्यंत तिथेच मध्ये उभं राहायचं. जमणार नसेल तर आत्ताच सांग. नाहीतर माझ्या सासूबाईंना सांगते, त्या एका पायावर तयार आहेत."

"गुडघ्यांचं बघावं लागेल गं जरा..."

"गुडघ्यांचं नाव काढू नकोस. मागच्या वेळीही गुडघेच होते."

तिने आवाज चढवला नव्हता, उलट बटाट्याचा तुकडा काट्याला टोचून आईच्या ताटात ठेवला होता. मारीझला तेच जास्त लागलं. घरी परतताना ती नेहमीप्रमाणे भिंतीच्या कडेकडेने चालत होती आणि मागची वेळ तिच्याबरोबर चालत होती. मागची वेळ म्हणजे लग्न. तेच तूर्न्यूचं चर्च, तेच गुलाबी झाक असलेले माणसाच्या कवेत न मावणारे खांब. वडील, म्हणजे मारीझचा नवरा ईव, आदल्या वर्षी गेले होते, तेव्हा क्लेमाँसचा हात धरून मधल्या वाटेने आईने चालायचं ठरलं होतं. निळा पोशाख शिवून झाला होता. आणि ऐन वेळी, दारात, ऑर्गन वाजायला लागल्यावर, मारीझने वर पाहिलं. वर एकापाठोपाठ एक आडव्या कमानी टाकलेल्या होत्या, हजार वर्षांचा दगड, आणि त्याच्या बरोबर खालून ती वाट जात होती. "गुडघा धरलाय गं माझा," ती म्हणाली होती. क्लेमाँस एकटी चालत गेली. मारीझ बाजूच्या वाटेने, खांबाखांबाआडून, कुणीतरी उशिरा आलेलं पाहुणं यावं तशी पुढे पोचली. एकाही फोटोत ती नाही. एका फोटोत खांबामागून निळ्या पोशाखाची कड तेवढी दिसते. तो फोटो क्लेमाँसने चौकटीत घालून बैठकीत लावला आहे, आणि का लावला हे दोघींपैकी कुणी कधी बोललेलं नाही.

वेड लागलेली बाई असती तर गोष्ट सोपी होती. पण मारीझ तावेर्नेल ही डोक्याने अगदी शाबूत बाई. सगळी नोकरी तिने एका विमा कंपनीत काढली आणि काम काय, तर लोकांच्या घरांना गेलेले तडे बघणं. कुणाची भिंत उकलली, कुणाचा सज्जा खचला, की मारीझ यायची, बोटाने तडा चाचपायची आणि त्याच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून जायची. त्या धंद्यात त्या पट्टीला साक्षीदार म्हणतात. महिन्यांनी पुन्हा यायचं. साक्षीदार फुटलेला असला तर तडा जिवंत, अजून चालतोय. शाबूत असला तर तडा मेलेला, खुशाल रंगवा आणि झोपा. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. वरिष्ठ गमतीने म्हणत, मारीझ भिंतीची नाडी बघते. बोव्हेच्या कॅथेड्रलचं छत बाराशे चौऱ्याऐंशी साली कोसळलं, हे तिला नवऱ्याच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक होतं. फक्त कुठल्याही छताच्या मधोमध उभं राहायचं म्हटलं की हे सगळं ज्ञान तिच्या पोटऱ्यांतून खाली उतरून जमिनीत जायचं, आणि पाय आपले आपण भिंतीकडे निघायचे. ही देणगी तिच्या आईची. मारीझ सात वर्षांची असताना एका रविवारी जेवणाच्या टेबलावर छत पडलं होतं. खाली रस्त्यावर बँड वाजत चालला होता म्हणून सगळे खिडकीशी पळाले, आणि मागे धप्प असा नुसता एक आवाज झाला, एखाद्याने पिठाचं पोतं टाकावं तसा. वळून बघतात तर सूपचं भांडं, थाळ्या, खुर्च्या, सगळं पांढऱ्या ढिगाखाली. खरचटलंही नाही कुणाला. वडील तर हसले होते. पण आई त्या दिवसानंतर मरेपर्यंत कुठल्याही खोलीच्या मधोमध बसली नाही. टेबल भिंतीला लागलं, पलंग कोपऱ्यात गेला, आणि मारीझच्या कानात तिने रोज, केस विंचरताना, एकच गोष्ट घातली: डोक्यावर जे आहे त्याचा भरवसा धरू नकोस. प्रेमाने घातली. म्हणूनच ती निघाली नाही.

त्या जूनच्या दुपारी घरी आल्यावर मारीझ स्वयंपाकघरातल्या भिंतीलगतच्या खुर्चीत टेकली. मग उठली आणि शेजारच्या वाचनालयाच्या फलकावर ती आठवडाभर बघत होती त्या अभ्याससहलीला नाव नोंदवलं. आधी बरगंडीतली जुनी चर्चं हिंडून ती कशी उभी राहिली हे शिकायचं, आणि मग जंगलात, जिथे काही मंडळी जुन्या काळच्या रीतीने एक किल्ला नव्याने बांधतायत, तिथे स्वतःच्या हाताने एक कमान उभारायची. क्लेमाँसला तिने फोनवर सांगितलं. "कमान? तू?" "हो, मी." "बरं," क्लेमाँस म्हणाली. "कडेने बांधशील." हा टोमणा होता आणि तो बरोबर बसला.

सहलीत पहिल्याच दिवशी तिच्या वाट्याला शेजारी आला तो अँसेल्म पूजे, निवृत्त दंतवैद्य, गोल पोटाचा आणि बडबड्या. वेझलेच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये सगळे मधल्या वाटेवर माना वर करून उभे होते. काळ्यापांढऱ्या चिऱ्यांच्या कमानी एकामागून एक पार उजेडापर्यंत गेलेल्या. मारीझ एकटी बाजूच्या वाटेने खांबांच्या आडून चालली होती. "मादाम," पूजेने तिकडून हाक मारली, "छत काय म्हणतंय तुमचं?" "म्हणतंय, तुम्ही फार मोठ्याने बोलता." लोक हसले. पण ती खरंच ऐकत होती. बाजूने बघितल्यामुळे तिला जे दिसलं ते मधल्यांना दिसत नव्हतं: भिंती बाहेरच्या बाजूला कलल्या होत्या. थोड्याथोडक्या नाही, चांगल्या हातभर. मधल्या कमानी वरून दबून बसक्या झाल्या होत्या, लठ्ठ माणूस बसून बसून सोफा खचावा तशा. ती खांबाला आणखी चिकटली, सवयीने. आणि मग तिने, तेही सवयीनेच, खांबाला लागून असलेली एक भेग बोटाने चाचपली. भेगेच्या कडा गोल झालेल्या होत्या, आत जुनी धूळ दगडासारखी घट्ट बसलेली. मेलेली भेग. पुढची, तीही मेलेली. ही इमारत कधीतरी मनसोक्त वाकली होती, फाकली होती, घाबरवून सोडलं होतं तिने लोकांना, त्यांनी बाहेरून आधाराला दगडी धिरे दिले होते, आणि मग ती आपल्याला हवी तशी बसली आणि गेली कित्येक शतकं हललेली नव्हती. तडा म्हणजे पडण्याची सुरुवात, असंच मारीझ आयुष्यभर लिहीत आली होती. बसण्याचा शेवटही तडाच असू शकतो, हे तिच्या कुठल्याच अहवालात नव्हतं. तरी ती मधे गेली नाही. बोट भेगेत ठेवून कडेलाच उभी राहिली, आणि बाहेर आल्यावर पूजेने देऊ केलेलं अर्धं पीच तिने खाल्लं.

जंगलातल्या बांधकामावर गवंड्यांची प्रमुख होती बेरांजेर, चाळिशीची, रुंद मनगटांची, गवताच्या टोपीखाली सरकारी नियमाचं कडक शिरस्त्राण लपवून वावरणारी. तिथे एकदा चुन्यात हात घातले की सगळे अरे-तुरे. "मारीझ, तू भिंतीला चिकटून का काम करतेस गं? भिंत पडत नाही, धरून ठेवायची गरज नाही." मारीझने सांगून टाकलं. का कोण जाणे, पण चुन्याने हात पांढरे झालेले असताना खोटं बोलायला कंटाळा आला. सूपचं भांडं, आई, लग्न, सगळं. बेरांजेर ऐकत थापी घासत होती. हसली नाही, बिचारी असंही म्हणाली नाही. "ते छत कशाचं होतं?" तिने विचारलं. पट्ट्यांवर थापलेला चुना, खिळ्यांनी वर ठोकलेला, मारीझ म्हणाली. "मग ते लोंबकळत होतं. लोंबकळणारं कधीतरी सुटतं, त्यात काय. कमान लोंबकळत नाही. सेलच्या पहिल्या दिवशी दुकानाच्या दारात बायका अडकतात बघ, सगळ्यांनाच आत पडायचं असतं आणि म्हणून कुणीच पडत नाही? तशी. प्रत्येक चिरा पडायला निघालेला असतो. शेजारी पडू देत नाही." मारीझला हे आकड्यांत माहीत होतं. कोनांत, वजनांत, रेट्याच्या रेषेत माहीत होतं. पण दारात अडकलेल्या बायका म्हणून माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी चिरा हातात धरताना तिला प्रथमच त्याचा पडण्याचा ओढा मनगटाला जाणवला, हट्टी मुलासारखा.

किल्ल्याच्या भटारखान्याच्या दाराची कमान होती ती, खालून गाडी जाईल एवढी रुंद. लाकडाचा अर्धगोल साचा आधीच उभा होता, पूर्वेला आणि पश्चिमेला त्याच्या पायांखाली पाचरी ठोकलेल्या. त्या साच्यावर दोन्ही बाजूंनी एकेक चिरा चढवत न्यायचा, मधे चुना. मारीझ कामाला चोख निघाली, पण तोंडाने असह्य. हा सांधा जाड झाला, तो चिरा कललाय, हा चुना फार ओला, ही पाचर सैल दिसते. जिथे उभी राहील तिथे भीती पेरत जाई. पूजे तर रात्री झोपेतही साचा कोसळताना बघू लागला, असं तो सकाळच्या कॉफीला सांगे. मग कळीचा, म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा दगड बसवायची वेळ आली आणि बेरांजेरने या जागेची रीत सांगितली: बांधताना ज्याने सगळ्यांत जास्त कुरकुर केली, त्याच्याच हातून मधला दगड बसतो, आणि साचा उतरवताना शेवटची पाचरही त्यानेच, कमानीखाली उभं राहून, काढायची. नाव विचारायची गरजच पडली नाही. सगळी मंडळी एकदम मारीझकडे वळली. "एकमताने," पूजे म्हणाला आणि टाळ्या वाजवल्या. मारीझने दगड बसवला. वरून, फळीवर उभं राहून, दोरीने येणाऱ्या दगडाला दोन्ही हातांनी वाट दाखवत. वरून तिला भीती नव्हती. डोक्यावर नुसतं आभाळ होतं, आणि आभाळाला तडे जात नाहीत. खाली उतरल्यावर मात्र तिने बेरांजेरला गाठलं. "साचा अजून दोन महिने ठेवू. मग काढू. काँक्रीटला आपण थांबतोच ना?" "काँक्रीट वेगळं. हा चुना आहे, हा वर्षभर सावकाश घट्ट होतो. आत्ता मऊ आहे तोवर साचा बोटभर उतरवायचा, म्हणजे कमान बसते आणि चुना तिच्याबरोबर दबतो. फार दिवस आधार दिलास तर चुना तसाच आखडेल, आणि मग ज्या दिवशी काढशील त्या दिवशी तुटेल." हे बोलून बेरांजेर दुसरीकडे गेली. मारीझ तिथेच राहिली. फार दिवस आधार दिलास तर. तिला आईचा कंगवा आठवला, केसांतून फिरणारा.

शेवटच्या दिवशी घरच्या माणसांना बोलवायची पद्धत होती. मारीझने क्लेमाँसला नुसतं कळवलं होतं, ये असं म्हटलं नव्हतं. म्हणून सकाळी झाडांतून येणाऱ्या वाटेवर बाळाची गाडी ढकलत क्लेमाँस दिसली तेव्हा मारीझने चुन्याचे हात उगाच पुन्हा पुसले. क्लेमाँस दोरीच्या पलीकडे इतरांच्या घरच्यांत जाऊन उभी राहिली. हात केला नाही, पण नजर हटवली नाही. बेरांजेरने इशारा केला. पश्चिमेची पाचर दोघांनी लाकडी मोगरीने हळूहळू मोकळी केली. साचा त्या बाजूने किंचित खाली गेला. लाकूड कण्हलं. आणि वरून, कमानीच्या खांद्यातून, ताणलेला कपडा फाटावा असा बारीक आवाज आला. पश्चिमेकडच्या तिसऱ्या-चौथ्या चिऱ्यामधल्या सांध्यात एक काळी रेघ उमटली, केसाएवढी. कुणीतरी अगं बाई म्हणालं. मोगऱ्या थांबल्या. पूजे लालबुंद होऊन पुढे आला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "काल संध्याकाळी पूर्वेच्या पाचरीला मी चार ठोके जास्तीचे दिले. मारीझ म्हणत होती ना, सैल दिसते म्हणून. म्हटलं, असू दे घट्ट. दात भरल्यावर दाबतो आपण तसं."

कुणी हसलं नाही. बेरांजेर रेघेकडे बघत होती, मग ती मारीझकडे वळली. "मला कमानी कळतात," ती म्हणाली. "तडे तुला जास्त कळतात. सांग. जिवंत की मेलेला?" मारीझ शिडी चढली. पायांना आपण शिडी चढतोय हे कळायच्या आत ती वर होती आणि बोट त्या रेघेवर होतं. बोटाला सगळं ठाऊक होतं, बोटाला कधीच भीती वाटली नव्हती. रेघ चुन्यातच होती, दगडाला स्पर्शही नव्हता. वरून उघडी, खालच्या कडेला मिटलेली. चुना अजून ओलसर, नखाने कोरता येईल असा. एक बाजू बसायला निघाली होती आणि दुसरी बाजू तिला बसू देत नव्हती, कारण तिच्या कुशीत कुणीतरी काळजीने पाचर ठोकून ठेवली होती. पूजेने नव्हे. पूजेचा हात होता, ठोके मारीझचे होते. आणि तिच्या आतून आईचे. प्रेमाने ठोकलेली ती पाचर किती वर्षं होती तिथे, आणि तिच्यामुळे एक अख्खी बाई तिरकी उभी राहिली होती, एक लेक मधल्या वाटेने एकटी चालली होती. मारीझला हसू आलं, रडूही आलं, दोन्ही तिने येऊ दिलं. चुन्याचा पातळ लेप घेऊन तिने त्या रेघेवर अंगठ्याएवढा ठिपका आडवा लावला. साक्षीदार. "जिवंत आहे," ती वरून म्हणाली, "पण पडायला नाही निघालेला. बसायला निघालाय. आधार जास्त झालाय कमानीला. पूर्वेची पाचर काढा, म्हणजे मिटेल." "काढा कसली," बेरांजेर म्हणाली. "तुझी आहे ती."

पूर्वेची पाचर साच्याच्या आतल्या बाजूने होती. ती काढायची तर कमानीखाली, मधोमध, गुडघे टेकून बसावं लागत होतं. मारीझ उतरली. मोगरी घेतली. भिंत डाव्या हाताला होती, ओळखीची, थंड, आणि हात सवयीने तिच्याकडे गेला. तिने तो परत आणला. तीन पावलं टाकली. कानांत तो पिठाच्या पोत्याचा आवाज आला, सूपचं भांडं दिसलं, पांढरा ढीग दिसला. आणि त्याच्या पलीकडे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, खिडकी दिसली. खिडकीशी उभी असलेली ती सगळी जिवंत माणसं दिसली, वडील हसताना दिसले. तिने गुडघे टेकले. गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. पहिला ठोका बसला तेव्हा पाचर हललीच नाही. दुसऱ्याला किंचित सरकली. वर लाकूड करकरलं. तिसरा ठोका तिने इतक्या जोरात हाणला की तोंडातून शिवी निघाली, चांगली ल्योंची रस्त्यावरची शिवी, आणि पाचर सुटून बाजूला पडली. साचा बोटभर खाली आला. लाकूड आणि दगड यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक चंद्रकोर उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरून एक लांब, खोल हुंकार आला, म्हाताऱ्याने आरामखुर्चीत अंग टाकावं तसा. मग काही नाही. मूठभर चुन्याचे कण तिच्या मानेवर पडले. कमान उभी होती. कुणीही तिला धरलेलं नव्हतं.

"बेरांजेर!" ती खालूनच ओरडली. "ठिपका बघ!" बेरांजेर शिडीवर होती. "रेघ मिटली," तिचा आवाज आला. "चुना बाहेर आलाय दाबून. ठिपका कडेला चुरगळलाय, पण आता हलत नाही." पूजेने डोक्यावरची गवताची टोपी काढून हवेत फेकली आणि ती झाडाला अडकली. लोक ओरडत होते, एकमेकांच्या पाठी थोपटत होते, चुन्याचे पंजे सगळ्यांच्या शर्टांवर उमटत होते. ओळंबा लावून, सांधा न् सांधा तपासून झाला, दुपारपर्यंत ठिपक्यावर लक्ष ठेवून झालं, जेवणं झाली, आणि मग चौघांनी मिळून तो लाकडी साचा ओढून बाहेर काढला. आता तिथे नुसती कमान होती आणि तिच्यातून पलीकडचं रान दिसत होतं. "सुटली," बेरांजेर म्हणाली. "आता हा रस्ता आहे. कुणीही यावं-जावं."

मारीझ गेली. भिंतीला हात न लावता, बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली आणि वर बघितलं, चोरून नाही, मान पार मागे टाकून. कळीचा दगड तिच्याकडे बघत होता. त्याच्या एका कोपऱ्याला तिनेच छिनीने चुकून उडवलेला टवका होता. या दगडाला पडायचं होतं. त्याच्या दोन्ही अंगांच्या दगडांना पडायचं होतं. बांधणाऱ्यांपैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडायचं होतं, आणि कुणी पडत नव्हतं. तिला एवढा आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. "जमलं," ती मोठ्याने म्हणाली, कुणालाही उद्देशून नव्हे. "जमलं मला!"

मग ती वळली. क्लेमाँस दोरीपाशी उभी होती, अपोलिनला खांद्याशी धरून. डोळे लाल झाले होते आणि ते लपवायला ती बाळाचं टोपडं उगाच नीट करत होती. मारीझने दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे तिला."

क्लेमाँस दोरी ओलांडून आली. कमानीच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. तिने वर पाहिलं: ओले सांधे, टवका उडालेला दगड, खाली काहीच नाही. तिचा हात बाळाच्या डोक्यावर गेला. पाऊल किंचित भिंतीकडे वळलं. मारीझने ते पाऊल ओळखलं. आपल्याच घरचं होतं ते.

"आई," क्लेमाँस हळूच म्हणाली, "नक्की ना गं?"

"मधून ये," मारीझ म्हणाली. "सरळ. मी आहे इथे."

क्लेमाँसने श्वास घेतला आणि मधून आली. तिने बाळ आईच्या हातांत दिलं, पण हात सोडवून घेतला नाही. तो आईच्या दंडाभोवती तसाच राहिला. तिघी कमानीखाली उभ्या होत्या. अपोलिनने आजीच्या खांद्यावर डोकं टाकून वर बघितलं, चुन्याच्या वासाने नाक मुरडलं आणि दणकून शिंकली. वरून एक कणसुद्धा पडला नाही.